अ‍ॅनिमेशनच्या शैली नुसत्या बघू नका, उघडून बघा: नवीन विद्यार्थ्यांसाठी

पहिल्या वर्षाची मुलं भेटली की एक प्रश्न ठरलेला असतो, "इन्स्पिरेशनसाठी काय बघू?" मी चार नावं सांगतो, ती मोबाइलमध्ये टाइप करून घेतात, आणि दोन महिन्यांनी परत भेटल्यावर कळतं की सगळं बघून झालंय, पिंटरेस्टवर शेकड्यांनी चित्रं सेव्ह झालीयेत, पण स्वतःच्या हातचं पाच सेकंदाचं पण काम नाहीये. मी स्वतः हेच केलेलं आहे. पहिल्या वर्षी इतकं जपानी अ‍ॅनिमे बघितलं होतं की माझ्या फिल्ममधल्या गावाकडच्या आजीचे डोळे पण मी तसेच मोठे काढले, पदर तसाच वाऱ्यावर उडवला, आणि ज्यूरीला, म्हणजे आमचं काम तपासायला, बसलेल्या एका मॅडमनी एवढंच विचारलं की हे असं का काढलंस? छान दिसतं म्हणून, याच्यापुढे माझ्याकडे काही नव्हतं. त्या दिवशी मला खूप वाईट वाटलं, पण तो प्रश्न मी आजपर्यंत सोडलेला नाही, कुठलीही शैली बघितली की आधी तोच विचारतो.

कारण कुठलीही शैली आकाशातून पडत नाही. कुणाकडे पैसे नव्हते, कुणाकडे वेळ नव्हता, कुणाकडे फक्त कात्री आणि काळा पुठ्ठा होता, त्यातून जो मार्ग निघाला त्याला आपण नंतर शैली म्हणायला लागलो. आपल्याला तो मार्ग कसा निघाला ते शिकायचंय, वरवरचा लूक उचलायचा नाहीये. खाली जे लिहितोय ते साधारण दोन महिन्यांचं काम आहे, कॉलेज सांभाळून होण्यासारखं.

पायरी १: एक वही आणि एकच शॉट

अख्खी फिल्म अभ्यासाला घेऊ नका, फिल्म एकदा मजेत बघा आणि नंतर त्यातला तीन ते पाच सेकंदांचा एकच शॉट निवडा. आवाज बंद. यूट्यूबवर असेल तर व्हिडिओ पॉज करून कीबोर्डवरचं पूर्णविरामाचं बटण दाबलं की एक फ्रेम पुढे जाते, स्वल्पविरामाचं दाबलं की एक मागे. डाउनलोड केलेली फाइल असेल तर व्हीएलसीमध्ये 'ई' दाबा, पुढची फ्रेम येते.

आता मोजा. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम असतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण प्रत्येक फ्रेमला नवीन चित्र असतंच असं नाही. एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं तर त्याला ऑन टूज म्हणतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं, तीन फ्रेम धरलं तर ऑन थ्रीज, म्हणजे ८. वहीत फ्रेमचा नंबर टाका आणि समोर काय बदललं तेवढंच लिहा: "१ ते ६ स्थिर, ७ ला डोळे मिटले, ९ ला मान वळायला लागली". तीन सेकंदांच्या ७२ फ्रेम होतात, पहिल्यांदा एक तास जाईल, कंटाळा येईल, पण हे एकदा केलं की डोळा कायमचा बदलतो हे मी खात्रीने सांगतो. फक्त एक लक्षात ठेवा, काही व्हिडिओ ३० फ्रेमला बदलून चढवलेले असतात, त्यात मधेच एखादी फ्रेम डबल दिसते, ती शैली नाहीये, ती कन्व्हर्जनची चूक आहे.

सुरुवातीला कुठला शॉट घ्यायचा म्हणाल तर २०१८ सालच्या स्पायडर-मॅनच्या अ‍ॅनिमेशनपटातला जंगलातला सीन घ्या, 'इन्टू द स्पायडर-व्हर्स' मधला. तिथे नवशिका माइल्स ऑन टूज हलतो आणि अनुभवी पीटर ऑन वन्स, म्हणजे प्रत्येक फ्रेमला नवीन चित्र, दोघं एकाच फ्रेममध्ये. माइल्स अडखळतोय हे आपल्याला जाणवतं आणि का जाणवतं ते कळत नाही, मोजल्यावर कळतं. त्या लोकांकडे पैसा होता, मशिन होती, सगळं गुळगुळीत करता आलं असतं, तरी त्यांनी फ्रेम काढून टाकल्या. याला म्हणतात शैलीचा निर्णय.

पायरी २: प्रत्येक शैलीला हे चार प्रश्न

कशाने बनवलंय, म्हणजे कागद, माती, पुठ्ठा, काच, थ्रीडी, जे असेल ते. काय हलतंय आणि काय मुद्दाम हलवलेलं नाहीये. मेहनत कुठे वाचवलीये. आणि या शैलीला काय जमत नाही. चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, तोच मुलं विसरतात.

उदाहरण देतो. लॉटे रायनिगर नावाच्या जर्मन बाईंनी १९२६ मध्ये 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स अहमद' ही पूर्ण लांबीची फिल्म केली, डिस्नेच्या 'स्नो व्हाइट'च्या अकरा वर्षं आधी, आणि आज शिल्लक असलेल्या पूर्ण लांबीच्या अ‍ॅनिमेशनपटांमध्ये ती सगळ्यात जुनी धरतात. पुठ्ठ्याच्या आणि शिशाच्या पातळ पत्र्याच्या काळ्या आकृत्या, सांध्यांना जोडलेल्या, खालून उजेड, वरून कॅमेरा. आता चौथा प्रश्न विचारा. चेहऱ्यावर भाव दाखवता येत नाहीत, कारण चेहरा म्हणजे नुसता काळा डाग आहे. मग बाईंनी काय केलं, सगळं बोटांवर आणि मानेच्या कलावर आणलं, प्रत्येक पात्राचा हात असा कापलाय की नुसती बोटं बघून राग कळतो. जे जमत नव्हतं त्यानेच ती शैली घडवली.

दुसरं, जपानमधलं. १९६३ मध्ये ओसामु तेझुका यांनी 'अ‍ॅस्ट्रो बॉय' टीव्हीवर आणली, दर आठवड्याला अर्ध्या तासाचा एक भाग. एवढ्या वेळात आणि टीव्ही देईल तेवढ्या पैशात पूर्ण अ‍ॅनिमेशन शक्यच नव्हतं, म्हणून मग चित्रं कमी, थ्रीज, नुसते ओठ हलवायचे, बाकी चेहरा तसाच, एकदा काढलेली चित्रं जपून ठेवून पुढच्या भागात परत वापरायची. चित्र हलत नाही म्हटल्यावर त्या स्थिर चित्रालाच जोर द्यावा लागला, म्हणून ताणलेल्या पोझ, आणि जपानी कॉमिक्समधून आधीच आलेल्या वेगाच्या रेघा आणि मोठे डोळे कामाला आले, कारण बाकी चेहरा गप्प असताना डोळ्यांनीच बोलायचं होतं. माझ्या आजीला त्या डोळ्यांची गरज नव्हती. तिच्याकडे सुरकुत्या होत्या, हात होते, मी ते बघितलंच नव्हतं.

तिसरं माझं सगळ्यात आवडतं, आणि हे रात्री शांतपणे एकट्याने बघा, दहाच मिनिटांचं आहे. युरी नॉरस्टाइन यांचं १९७५ चं 'हेजहॉग इन द फॉग'. कटआउट आहे, म्हणजे कागदाचे तुकडे, पण एकावर एक ठेवलेल्या काचांच्या थरांवर मांडलेले. आणि त्यातलं धुकं, ज्यात तो छोटा काटेरी हेजहॉग हरवतो, ते एक अगदी पातळ कागद आहे. तो कागद चित्रावर ठेवायचा आणि फ्रेमगणिक हळूहळू कॅमेऱ्याकडे वर उचलत जायचा, मग खालचं चित्र विरत जातं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत जाऊन फिल्म बघितली आणि अंगावर काटा आला, कारण आता कागद माहीत असून पण मला धुकंच दिसत होतं.

अलेक्सांडर पेत्रोव यांची 'द ओल्ड मॅन अँड द सी' पण याच रांगेत बसते, १९९९ ची, काचेवर तैलरंग, बऱ्याचदा ब्रशऐवजी बोटांनी, २९ हजारांच्या वर चित्रं. तिथे आधीची फ्रेम पुसूनच पुढची करायची असते, म्हणजे फिल्म संपली की हातात शेवटचं चित्र तेवढं उरतं. समुद्र, आठवण, स्वप्न असे एकमेकांत मिसळणारे विषय त्याला का शोभतात ते यावरून लक्षात येईल.

पायरी ३: घराजवळ पण बघा

इथे मला जरा कळकळीने सांगायचंय. आपली मुलं जपानच्या घिबली स्टुडिओचं बॅकग्राउंड ओळखतात आणि फाळके म्हटलं की फक्त 'राजा हरिश्चंद्र' आठवतं. दादासाहेबांनी त्या फिल्मच्या आधी भांडवल मिळवायला एक छोटा प्रयोग केला होता, कुंडीतला वाटाणा उगवताना ठरावीक वेळाने एकेक फ्रेम घेत गेले आणि पडद्यावर रोप डोळ्यांदेखत वाढलं. नंतर आगकाड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' केली. म्हणजे एक वस्तू, एक कॅमेरा, एकेक फ्रेम, आपल्याकडचं अ‍ॅनिमेशन इथून सुरू होतं, आणि ती साधनं आज तुमच्या स्वयंपाकघरात आहेत.

कोकणात जाणार असाल तर कुडाळजवळ पिंगुळीला थांबा. ठाकर समाजाची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या तिथे बघायला मिळतात, परशुराम गंगावणे यांना याच कामासाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि त्यांच्या घराण्याने गुरांच्या गोठ्यात म्युझियम उभं केलंय. चित्रकथी म्हणजे सुटे कागद, एकेक चित्र समोर धरायचं आणि गात गात गोष्ट सांगायची. आपण ज्याला स्टोरीबोर्ड म्हणतो, म्हणजे फिल्मचे शॉट ओळीने काढलेली चित्रं, त्याच्या फार जवळचं आहे हे. एक चित्र किती वेळ धरायचं ते गाणारा ठरवतो, समोरच्या लोकांकडे बघून, आणि टायमिंग म्हणजे दुसरं काय असतं. छायाबाहुली हातात घ्यायला मिळाली तर सांधे कुठे आहेत ते बघा आणि मग परत रायनिगर बघा.

वारलीबद्दल एक सांगतो कारण दर वर्षी दहा प्रोजेक्ट येतात. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस होतो, म्हणजे कमरेत एकच बिंदू, तो वाकतो तिथूनच, त्यामुळे हलवायला ती आकृती मुळातच सोपी आहे. पण नुसत्या आकृत्या उचलून मोबाइल कंपनीच्या जाहिरातीसारख्या नाचवू नका. जिव्या सोमा मशे यांची चित्रं मोठी करून बघा, मासे पकडायचं जाळं त्यांनी कसल्या बारीक रेघांनी भरलंय, चित्र जागेवर आहे तरी नजर फिरत राहते. त्या रेघा कशा काम करतात ते शोधा, त्यातून तुमच्या फिल्मला काहीतरी मिळेल.

आणि फिल्म्स डिव्हिजन, म्हणजे माहितीपट आणि छोट्या फिल्म काढणारं तेव्हाचं सरकारी खातं. १९७४ चं 'एक अनेक और एकता' दूरदर्शनवर बघितलेल्या आईबाबांना गाणं पाठ असतं, ती विजया मुळे यांची फिल्म, अ‍ॅनिमेशन भीमसैन यांचं. परत बघा, आवाज बंद करून, किती कमी हालचालीत ती फिल्म उभी आहे ते मोजा. गीतांजली राव यांची २००६ ची 'प्रिंटेड रेनबो' पण शोधा, एक म्हातारी बाई, तिची मांजर आणि काड्यापेट्यांवरची चित्रं, मुंबईतल्या चार भिंतींतली गोष्ट आणि रंगवलेली एकटीने. ज्यांना वाटतं टीम नाही म्हणून फिल्म होत नाही त्यांनी आधी ही बघावी. मुंबईत असाल तर पेडर रोडवरच्या पूर्वीच्या फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, एक दिवस काढा. बाहेरच्या देशांतल्यासाठी कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डच्या वेबसाइटवर कितीतरी फिल्म फुकट आहेत, नॉर्मन मॅक्लॅरेन आणि कॅरोलीन लीफ ही दोन नावं टाकून सुरुवात करा.

पायरी ४: एकच कृती, वेगवेगळ्या शैलीत

आता हात. दर आठवड्याला नवीन गोष्ट सुचवत बसू नका, एकच कृती ठरवा आणि तीच प्रत्येक मटेरियलमध्ये करा, पाच सेकंद, ऑन टूज, म्हणजे ६० चित्रं. मी मुलांना चहाचा कप देतो: हात कपाकडे जातो, उचलतो, चटका बसतो, परत ठेवतो. एवढंच. गोष्ट तीच राहिली की फरक कशाचा पडतोय ते स्पष्ट दिसतं.

पेन्सिलने आधी करा, कागदावर किंवा क्रिता नाहीतर पेन्सिल टूडी या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये. मग कटआउट, त्यासाठी जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा उत्तम, जाड असतो आणि वाकत नाही, सांध्याला बारीक तार. कटआउटमध्ये बोटं मिटत नाहीत म्हणून चटका दाखवायला अख्खा खांदा मागे फेकावा लागतो, हे करतानाच समजतं, वाचून नाही. मातीसाठी शाडू घेऊ नका, ती वाळते आणि तडे जातात, तेलाचा क्ले आणा, आत वायरिंगची तांब्याची तार, आणि उन्हाळ्यात दुपारी शूट करू नका कारण दिव्याच्या उष्णतेने हात खाली लोंबायला लागतो. बोटांचे ठसे राहिले तर राहू द्या, आर्डमन स्टुडिओच्या 'वॉलेस अँड ग्रॉमिट' मध्ये पण दिसतात, ते बघून कुणीतरी हाताने केलंय हे कळतं. थ्रीडी येत असेल तर ब्लेंडर या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये करा. २०२४ ची 'फ्लो' ही लॅटव्हियाची फिल्म ब्लेंडरमध्येच झाली आणि तिला ऑस्कर मिळालं, त्यामुळे महागडं सॉफ्टवेअर नाही म्हणून अडलंय असं कृपया म्हणू नका.

पण माझं सांगणं असं की रांगोळी नक्की करा. कॅरोलीन लीफ यांनी १९७०च्या दशकात काचेवर वाळू पसरून फिल्म केल्या, आपल्याकडे वाळूपेक्षा छान गोष्ट दहा-वीस रुपयांत मिळते. फोटोफ्रेमची काच काढा, कडांना जाड चिकटपट्टी लावा नाहीतर हात कापेल, दोन स्टुलांवर आडवी ठेवा, खालून ट्रेसिंग पेपर चिकटवा म्हणजे उजेड पसरेल, त्याच्या बरंच खाली एलईडी बल्ब. मोबाइल वरून, स्टँड नसेल तर पुस्तकांच्या दोन चळतींवर फळी टाकून. खोलीत अंधार करा, आणि पंखा बंद, हे मी तीनदा सांगतो, पंखा बंद, एका झुळकेत तासाभराचं काम जातं. तोंडाला रुमाल बांधा, ती दगडाची भुकटी असते. कॅमेऱ्यात फोकस आणि एक्स्पोजर बोट दाबून धरून लॉक करा नाहीतर प्रत्येक फ्रेमचा उजेड वेगळा येतो आणि फिल्म लुकलुकते. शूट रात्रीच करा, खिडकीतलं ऊन सरकत राहतं आणि पावसाळ्यात तर ढगांमुळे काहीच जुळत नाही.

पांढरी रांगोळी खालच्या उजेडाने काळी दिसते, पातळ पसरली की करडी. ब्रशने सरकवा, चहाच्या गाळणीने भुरभुरवा, बोटाने रेघ ओढली की तिथून उजेड येतो. इथे परत मागे जाता येत नाही, अनडू नाही, पुढची फ्रेम करायला आधीची मोडावीच लागते. आमच्याकडच्या एका मुलीने चटक्याच्या फ्रेमला हात मागे घेतलाच नाही, कपातून काळं बाहेर सांडत सांडत अख्खा हात त्यात बुडवला आणि मग एकदम काच रिकामी केली, नुसता उजेड. पेन्सिलमध्ये तिने हाच शॉट खूप नेटका केला होता, कुणाला आठवत पण नाही. रांगोळीने तिला जे सुचवलं ते पेन्सिल सुचवू शकली नसती.

एखाद्या आठवड्यात मित्राला उभं करून पिक्सिलेशन पण करून बघा, माणसालाच बाहुलीसारखं एकेक फ्रेम हलवायचं, मॅक्लॅरेन यांच्या १९५२ च्या 'नेबर्स' मध्ये आहे तसं. मजा येते, आणि शरीराचं वजन कुठून कुठे जातं ते फार लवकर कळतं.

पायरी ५: दिसणं नको, निर्णय उचला

आता वहीत बघा आणि प्रत्येक शैलीतून एक निर्णय एका वाक्यात लिहा, शैलीचं नाव न घेता. "चेहरा लपवा, बोटांना बोलू द्या." "नवशिका कमी फ्रेममध्ये हलतो." "आधीचं मोडल्याशिवाय पुढचं येत नाही." ही वाक्यं कुठल्याही मटेरियलमध्ये वापरता येतात. घिबलीसारखं गवत काढलं की लोक घिबली म्हणतात, पण पात्र दोन सेकंद नुसतं पावसाकडे बघत बसतं आणि गोष्ट थांबते, हा त्यांचा निर्णय तुम्ही उचललात आणि एसटी स्टँडवरच्या बाकावर वापरलात तर तो तुमचा होतो. फिल्टर मारून लूक आता एका मिनिटात मिळतो, पण त्या मिनिटात तुम्हाला का हा प्रश्न पडत नाही, आणि मग ज्यूरीत तो दुसरं कुणीतरी विचारतं.

पायरी ६: निवड

पाच-सहा टेस्ट झाल्या की एका टाइमलाइनवर ओळीने लावा, आवाज नको, संगीत नको, आणि वर्गातल्या नाही तर घरातल्या कुणाला तरी दाखवा, आई, धाकटा भाऊ, शेजारचे काका, ज्यांना यातलं काही माहीत नाही. छान झालंय का असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. कुठल्या कपाला हात लावायची भीती वाटली तेवढं विचारा. आणि स्वतःला विचारा की कुठली टेस्ट करताना जेवायला हाक मारली तरी उठावंसं वाटलं नाही. दोन्हीचं उत्तर एकच आलं तर त्याच मटेरियलमध्ये अजून ६० चित्रं करा, या वेळी कप सोडून तुमच्या फिल्ममधला पहिला शॉट. वेगवेगळं आलं तर दोन्हीत करा. सगळे फोटो तारखेच्या फोल्डरमध्ये ओरिजिनल साइजला ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवरून स्वतःलाच फोटो म्हणून पाठवू नका, ते बारीक होतात. आणि रांगोळीची काच कोरड्या फडक्यानेच पुसा, ओलं लागलं की कडांना चिकटते आणि दुसऱ्या दिवशी ओरखडे दिसतात.